पिंडाला कावळा शिवेपर्यंत

दहाव्याच्या सकाळी नदीकाठी जमलेली माणसे एका क्षणी बोलायची थांबतात. भाताचे पिंड मांडून झालेले असतात, मंडळी दहावीस पावले मागे सरकून उभी असतात आणि सर्वांची नजर समोरच्या झाडाकडे लागलेली असते. कावळा कधी लगेच येतो, कधी येतच नाही; आला तरी पिंडाभोवती दोन उड्या मारून निघून जातो. मग कुजबुज सुरू होते : कशात जीव अडकला असेल? कोणी वडीलधारे पुढे होतात, हात जोडतात आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, ‘धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो.’ कावळा येत नाही. ‘आईला एकटं पडू देणार नाही.’ पुन्हा शांतता. मग गेल्या दहा दिवसांत फारसा न बोललेला थोरला मुलगा पुढे येतो आणि म्हणतो, ‘भावाशी धरलेला अबोला मी सोडला.’ कधी यानंतर कावळा शिवतो. कधी तरीही शिवत नाही, आणि अखेर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावावा लागतो. काठावर उच्चारलेली वाक्ये मात्र मागे घेता येत नाहीत, कारण ती पन्नास माणसांनी ऐकलेली असतात.

मृताचा आत्मा कावळ्याच्या रूपाने येतो यावर आमच्यापैकी बहुतेकांचा विश्वास नाही. श्राद्धपक्षाची टिंगल करण्यात आमचे विद्यार्थिदशेतले बरेच दिवस गेले आहेत. तरीही काही काळापासून आम्हांला असे वाटू लागले आहे, की या प्रसंगात कावळ्याचे महत्त्व दुय्यम आहे. महत्त्वाचा आहे तो त्याची वाट पाहण्याचा वेळ. त्या वेळात जिवंत माणसांना एकमेकांदेखत असे काही बोलावे लागते, जे एरवी ती कधीच बोलली नसती. सामूहिक शोकविधी आपले सांत्वन करतात की नाही, याविषयी आम्हांला शंका आहे. पण ते आपल्याला साक्षीदार देतात आणि त्या साक्षीदारांसमोर बोलायला भाग पाडतात. हे काम एकट्याने होत नाही, आणि ज्याला आपण साहित्य म्हणतो तेही एकटे हे काम करू शकत नाही, असे आम्हांला या लेखात मांडायचे आहे.

*

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका मृत्यूमुळे. ज्यांनी आम्हांला पदव्युत्तर वर्गात मराठी शिकवले ते आमचे सर एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीच्या आदेशांतच अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसे नकोत असे बंधन घातले गेले होते; पुढच्या वर्षीच्या त्या आठवड्यांत अनेक घरांच्या वाट्याला तेवढीही माणसे आली नाहीत. सरांचा देह कोणी पाहिला नाही. बाई स्वतः रुग्णालयात होत्या. थोरला मुलगा परदेशात अडकलेला होता. दहाव्या दिवशी धाकट्याने इमारतीच्या गच्चीवर पिंड मांडले. गुरुजी मोबाइलच्या पडद्यावरून सांगत होते आणि आम्ही विद्यार्थी, जो जिथे होता तिथून, लहान लहान चौकटींत बसून पाहत होतो.

कावळा मिनिटभरात आला. शहरातल्या गच्चीवरचे कावळे, त्यांना खायची सवयच असते. गुरुजी म्हणाले, ‘शिवला, चांगलं झालं.’ कोणालाच काही बोलावे लागले नाही. एकेक चौकट बंद होत गेली.

सरांच्या दोन मुलांमध्ये बरीच वर्षे बोलणे नव्हते हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आमच्यापैकी दोघांनी सरांना शेवटची दोन वर्षे फोनही केला नव्हता, हे आम्हांला एकमेकांविषयी ठाऊक होते. त्या दिवशी कावळ्याने थोडा उशीर केला असता तर, असा विचार पुढे कितीतरी दिवस आमच्या मनात येत राहिला. हा विचार बुद्धीला पटणारा नाही हे आम्ही जाणतो. पण त्याने आम्हांला आमच्याच जुन्या वाचनाकडे नव्याने पाहायला लावले.

*

मृत्यूनंतरच्या दुःखाचा आधुनिक विचार प्रामुख्याने दोन वाटांनी गेला आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात शोक हे मनाचे अंतर्गत काम मानले. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू, एकेका आठवणीतून सोडवून घ्यायचे असते आणि ते ज्याचे त्याने करायचे असते. त्याच्या पाच वर्षे आधी, १९१२ मध्ये, एमिल द्युरकेमने आदिम धर्मजीवनावरच्या ग्रंथात जवळजवळ उलट बाजू मांडली होती : शोक हा खासगी भावनेचा उत्स्फूर्त उद्रेक नव्हे, ते समूहाने सोपवलेले कर्तव्य आहे. माणसे रडतात ती केवळ दुःख झाले म्हणून नव्हे. रडणे त्यांच्याकडून अपेक्षित असते, आणि एकत्र रडल्यामुळे एका माणसाने उणा झालेला समूह पुन्हा बांधला जातो.

आधुनिक मराठी साहित्यविचाराने या दोहोंपैकी पहिली वाट धरली, हे सांगण्यासाठी फार पुरावे देण्याची गरज नाही. आपली समीक्षेची परिभाषाच पाहावी. दुःख ‘आत्मनिष्ठ’, ‘संयत’, ‘मूक’ असेल तर ते अस्सल. ते चारचौघांत उच्चारले गेले की ‘भावविवश’, ‘भडक’, ‘रडगाणे’. ‘राजहंस माझा निजला’ या गोविंदाग्रजांच्या कवितेत मूल गेल्याचे नाकारणारी आई आणि तिच्याभोवतीची माणसे असा उघड प्रसंग आहे. तरी आपण ती शिकवतो ती आईच्या एकाकी आक्रोशाची कविता म्हणून. त्या भोवतालच्या माणसांना काय करायचे होते हा प्रश्न वर्गात निघत नाही. ‘कोसला’त मनीच्या मृत्यूनंतरचा पांडुरंग आपल्याला इतका जवळचा वाटतो तो घरातल्यांपासून तुटलेला, आपल्या दुःखासह एकटा पडलेला म्हणूनच. १९६३ पासून मराठी तरुण वाचकांच्या पिढ्या शोकाची भाषा पांडुरंगाकडून शिकल्या, आम्हीही शिकलो. ‘कोसला’च्या श्रेष्ठतेविषयी आमचे दुमत नाही. मात्र आम्ही असे मानत आलो की दुःख करण्याची तीच एक प्रामाणिक रीत आहे, आणि बाहेरच्या खोलीत बसलेली नातेवाईक मंडळी म्हणजे निव्वळ दांभिकता.

‘रडगाणे’ हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. रडण्याचे गाणे असा त्याचा सरळ अर्थ. आज मात्र आपण तो कुरकुर करणाऱ्या माणसासाठी वापरतो. ज्यांनी खेड्यातले मयताचे घर पाहिले आहे त्यांना आठवेल, की तेथे बायका नुसत्या रडत नाहीत. हेल काढून, आठवणी सांगत रडतात. उशिरा पोचलेली लेक वेशीपासूनच सूर धरते. दारातल्या बायका तिला गळामिठी घालतात आणि तिच्या सुरात आपला सूर मिसळतात. त्या रडण्यात मृताचे गुण येतात, त्याने केलेली माया येते, आणि नीट कान दिला तर तक्रारीही येतात : आजारपणात कोण आले नाही, कोणी शब्द पाळला नाही, माहेर कोणामुळे तुटले. एरवी जिने तोंड उघडले नसते अशी सून त्या सुरात जे बोलून जाते त्याला कोणी उलट उत्तर देत नाही, कारण ती ‘रडते’ आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांमध्ये मरणाच्या ओव्याही आहेत. नवऱ्याआधी जाण्याची, ‘अहेव मरणा’ची इच्छा त्यांत पुन्हा पुन्हा येते. त्या इच्छेमागे वैधव्याची किती भीती आहे हे ओळखायला फार पांडित्य लागत नाही. हे सारे सांगण्याची जागा असलेल्या गाण्याचे नावच आपण तुच्छतादर्शक करून टाकले. असे का झाले असावे, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करायला हवा.

*

शोकविधीविषयीचे सर्वांत सखोल चिंतन आम्हांला जेथे सापडले ते पुस्तक आपल्या हाताशी होतेच. महाभारताचे अकरावे पर्व, स्त्रीपर्व, हे आकाराने लहान आहे आणि युद्धाच्या धामधुमीनंतर वाचक त्याच्याकडे बहुधा घाईने पाहतो. त्याच्या आरंभी विदुर धृतराष्ट्राला तत्त्वज्ञान सांगतो. साठ्याचा शेवट क्षयात, भेटीचा वियोगात. विहिरीत लोंबकळत मधाचे थेंब चाटणाऱ्या माणसाचे प्रसिद्ध रूपकही येथेच आहे. हे सर्व खरे आहे, सुंदर आहे आणि त्याचा धृतराष्ट्रावर फारसा उपयोग होत नाही, कारण थोड्याच वेळात तो भीमाला मिठीत चिरडू पाहतो आणि मिठीत लोखंडाचा पुतळा सापडतो म्हणून भीम वाचतो. शहाणपणाच्या उपदेशाने दुःखाचे सुडात होणारे रूपांतर थांबत नाही, हे महाभारतकाराने इतक्या स्वच्छपणे दाखवले आहे.

मग स्त्रिया रणांगणावर येतात. दिव्यदृष्टी लाभलेली गांधारी कृष्णाला एकेक देह दाखवीत जाते. हा भाग वाचताना आम्हांला प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटते ते तिच्या शोकाच्या व्याप्तीचे. ती दुर्योधनासाठी रडते हे स्वाभाविक. पण ती अभिमन्यूपाशीही थांबते आणि त्याचा देह कुरवाळणाऱ्या उत्तरेचे बोलणे ऐकवते. अभिमन्यूला मारणारे तिच्याच पक्षाचे, त्या वेढ्यात तिच्या जावयाने पांडवांची वाट अडवलेली. आणि त्याच विलापात ती त्या जावयासाठी, जयद्रथासाठीही शोक करते. भूरिश्रव्याच्या बायका त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसल्या आहेत. एकदा देह मोजायला सुरुवात केली की आपले कोण आणि परके कोण ही विभागणी गांधारीच्या हातून निसटत जाते. तिचा राग मात्र निसटत नाही. विलापाच्या शेवटी ती कृष्णाला शाप देते. सामूहिक शोक माणसाला शांत करतो असे म्हणणाऱ्यांनी हा शाप लक्षात ठेवावा. तेथे प्रत्यक्ष ईश्वरालाही जाब विचारला जातो, आणि तो जाब त्याला ऐकून घ्यावा लागतो.

पुढे युधिष्ठिर अंत्यसंस्कारांची आज्ञा देतो, आणि ज्यांचे कोणीच उरलेले नाही अशांचेही दहन विधिपूर्वक करायला सांगतो. २०२१ मध्ये अनोळखी माणसांना अग्नी देणारे, अस्थींच्या पिशव्यांवर नावे लिहून ठेवणारे पालिकेचे कामगार आणि स्वयंसेवक ज्यांनी पाहिले, त्यांना हा तपशील आता पूर्वीसारखा कोरडेपणाने वाचता येणार नाही.

आणि मग गंगेचा काठ. सगळे पाण्यात उतरले आहेत, नावे घेऊन तिलांजली दिली जात आहे. अशा वेळी कुंती मुलांना सांगते, की कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला भाऊ होता. हे सत्य तिने आयुष्यभर दडवले होते. युद्ध टाळण्यासाठी ती एकांतात कर्णाला भेटली होती, पण उघडपणे, सर्वांदेखत, ती बोलली नव्हती. ते तिच्या तोंडून बाहेर काढले ते एका साध्या विधीने. पाणी द्यायचे तर नाव घ्यावे लागते, नाते सांगावे लागते. कर्णाचे नाव कोणीच घेत नाही हे ती काठावर उभी राहून ऐकत असणार, आणि ते तिला असह्य झाले असणार. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या माणसांकडे माणसे म्हणून पाहायला आपल्याला शिकवले, त्याच रीतीने पाहिले तर गंगाकाठची कुंती आणि दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पुढे होऊन अबोला सोडणारा तो थोरला मुलगा यांच्यात फार अंतर उरत नाही. विधीने दोघांनाही बोलायला लावले. कुंतीला फार उशीर झाला होता, आणि विधी त्या उशिराची भरपाई करीत नाही. तो फक्त आणखी उशीर होऊ देत नाही.

हीच जाणीव भवभूतीलाही होती असे आम्हांला वाटते. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात रामाच्या दुःखाला बंद पुटात शिजणाऱ्या औषधाची उपमा दिली आहे, आणि त्याच अंकात काठोकाठ भरलेल्या तळ्याला वाट करून देणे हाच उपाय, तसे शोकाने भरलेल्या हृदयाला विलाप, असेही म्हटले आहे. पण नाटक तेथे संपत नाही. एकांतातला विलाप रामाला मूर्च्छेपलीकडे नेत नाही. उलगडा होतो तो सातव्या अंकात, गंगेच्या काठी, सर्व नगरजनांसमोर वाल्मीकींनी रचलेला प्रयोग होतो तेव्हा. ज्या लोकांच्या कुजबुजीमुळे सीता वनात गेली त्याच लोकांना बसवून ती सारी कथा पाहायला लावली जाते आणि अरुंधती त्यांना थेट विचारते. करुण रसाच्या या सर्वश्रेष्ठ नाटककाराला शोकाचे औषध म्हणून एक जमाव लागला, ही गोष्ट आपण रसचर्चेत पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

*

आता मराठीकडे. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे जे अभंग परंपरेने नामदेवांच्या नावे आहेत, त्यांचा विचार आपण बहुधा चरित्रसामग्री म्हणून किंवा कर्तृत्वाच्या वादासाठी करतो. त्यांची रचना एखाद्या शोकविधीसारखी आहे हे कमी वेळा सांगितले जाते. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ ची कार्तिक वद्य त्रयोदशी. नामदेवांची मुले समाधीची जागा झाडून स्वच्छ करतात. संतमंडळी जमतात, खुद्द विठ्ठल त्यांच्यात असतो. धाकट्या भावाचा हात धरून निवृत्तिनाथांना त्याला समाधिस्थानी न्यावे लागते. जो गुरू आहे, ज्ञानी आहे, त्यालाच सर्वांत जास्त रडू येते, आणि कवी ते लपवीत नाही. संप्रदायाचे तत्त्वज्ञान मृत्यूला मृत्यू मानत नाही. पण त्या तत्त्वज्ञानाच्या शेजारीच हे रडणे जपून ठेवलेले आहे.

आणि ते केवळ ग्रंथात जपलेले नाही. दरवर्षी त्या दिवशी आळंदीत नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्याचे कीर्तन होते, समाधीचा प्रसंग सांगितला जातो, दुपारी घंटानाद होतो आणि समाधीवर फुले उधळली जातात. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सातशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. तरीही माणसे हुंदके देऊन रडतात. २०२२ च्या कार्तिकात आम्ही त्या गर्दीत होतो. आमच्या शेजारची परभणीकडची बाई, कीर्तन संपल्यावर डोळे पुसून, आम्ही काही न विचारताच म्हणाली, ‘माझ्या आईला मागच्या साली नीट रडता आलं नव्हतं. आज रडून घेतलं.’ ती ज्ञानेश्वरांसाठी रडली की आईसाठी, हा प्रश्न तेथे गैरलागू होता. त्या दिवसाला आळंदीत ‘सोहळा’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आम्हांला त्या दुपारी कळला. स्वतःचे दुःख आणायला तेथे जागा ठेवलेली असते.

*

येथपर्यंत वाचून एखादा विद्यार्थी आम्हांला विचारील, आणि त्याने विचारावेच, की तुम्ही ज्या विधींचे गुण गाता त्यांनीच किती माणसांना छळले याचा हिशेब कोण देणार? नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणारा, कुंकू पुसणारा विधीही सामूहिकच असतो. तोही साक्षीदारांसमोर, बायकांच्याच हातून होतो. स्मशाने जातींनी वाटलेली आहेत. तेराव्याच्या जेवणासाठी काढलेले कर्ज वर्षानुवर्षे फिटत नाही. घाटावरच्या या व्यवहाराचे चित्र बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’ कादंबरीत आले आहे, आणि अलीकडे आमच्या भागात दशक्रियेला पुढाऱ्यांच्या भाषणांची जी रांग लागते ती पाहून शोकापेक्षा निवडणुकीचीच आठवण होते.

हा आक्षेप आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. इतकेच नव्हे, तो आमच्या म्हणण्याला पुष्टी देणारा आहे. विधीत एवढी शक्ती नसती तर तो एवढा छळ करू शकला नसता. जमलेल्या माणसांसमोर जे घडते ते पक्के होते. म्हणूनच तेथे बाई ‘विधवा’ होते, आणि म्हणूनच ज्यांना समाज बदलायचा होता त्यांनी नेमकी तीच जागा गाठली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे असा वाद झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते आपल्या हाती घेतले, असे चरित्रकार सांगतात. त्यांना घरी बसून खासगी दुःख करता आले असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. तोही निर्णय एका कुटुंबाने आपापल्या घरात घेण्याचा नव्हता. चारचौघांनी मिळून फोडलेली बांगडी चारचौघांनी मिळूनच थांबवावी लागते.

याहून मोठे उदाहरण दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरला अंत्यसंस्कार झाले. त्या अफाट शोकाकुल समुदायाला तेथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली. चितेसमोर उभ्या असलेल्या माणसांनी आपले दुःख एका प्रतिज्ञेत बदलले. जुना विधी नाकारून तेथल्या तेथे नवा घडवला गेला, आणि तो टिकला. आजही दरवर्षी लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात आणि परतताना शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून पुस्तके विकत घेऊन जातात. शोक करायला आलेला माणूस पुस्तक घेऊन परत जातो, अशी प्रथा जगात अन्यत्र कोठे असेल तर ती आमच्या पाहण्यात नाही. मराठी साहित्याचे शिक्षक म्हणवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या विधीकडे इतकी वर्षे केवळ गर्दीची बातमी म्हणून पाहिले याची आम्हांला लाज वाटते.

*

तेव्हा विधी ठेवावेत की टाकावेत, असा प्रश्न आता आमच्यापुढे उरत नाही. श्रद्धा गेली म्हणून विधी टाकला, आणि त्याच्या जागी काय आले हे पाहिले, तर चौकातले ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फलक, दोन मिनिटे उभे राहणे आणि मोबाइलवर पाठवलेले हात जोडल्याचे चित्र एवढेच हाती लागते. यांतले काहीही खोटे नाही. परंतु यांतले काहीही आपल्याला बोलायला लावत नाही. दोन मिनिटांच्या मौनात कोणताही कावळा उशीर करीत नाही.

आणि साहित्य? आम्ही तरुणपणी असे मानत होतो की जिथे विधी मरतो तिथे कविता उभी राहते. आता एवढी खात्री वाटत नाही. एकट्याने वाचलेली विलापिका आपल्याला रडवू शकते. पण तिच्यामुळे आपण कोणालाही बांधील होत नाही. पुस्तक मिटले की संपले. पूर्वीच्या काव्याचे तसे नव्हते. स्त्रीपर्व, समाधीचे अभंग, भवभूतीचे नाटक हे सर्व मुळात माणसांनी एकत्र बसून ऐकायचे, पाहायचे होते. साहित्याचा वर्ग ही आज उरलेल्या थोड्या जागांपैकी एक आहे, जिथे तीसचाळीस माणसे एकाच वेळी एकच दुःख ऐकतात. टिपणे उतरवून देण्याऐवजी वर्षातून एकदा तरी स्त्रीपर्व वर्गात मोठ्याने वाचावे, आणि वाचून झाल्यावर लगेच प्रश्नोत्तरे सुरू करू नयेत, एवढी आमची शिक्षक मित्रांना विनंती आहे. २०२१ मध्ये शाळकरी असलेली मुले आता त्या वर्गांत येऊन बसू लागली आहेत. त्यांच्यातल्या कोणाकोणाचे काय बोलायचे राहून गेले आहे, हे हजेरीपटावरून कळत नाही.

सरांना जाऊन दोन वर्षे झाली तेव्हा आम्ही काही जण त्यांच्या घरी जमलो. पिंड नव्हते, गुरुजी नव्हते. बाईंनी एवढेच सुचवले, की प्रत्येकाने सरांना सांगायचे राहून गेलेले एक वाक्य सर्वांसमोर बोलायचे, मगच चहा. पहिली दहा मिनिटे कोणी बोलले नाही. मग आमच्यापैकी एकाने, दोन वर्षे फोन का केला नव्हता, ते सांगितले. कारण अगदी क्षुल्लक होते. त्यानंतर बाकीचे बोलले. थोरला मुलगा त्या दिवशी आला होता. तो भावाच्या शेजारी बसला होता, पण शेवटपर्यंत काही बोलला नाही. बाईंनी त्याच्यासाठी चहा थांबवला नाही. कपबश्या विसळताना त्या म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी या. तोही येईल.’

आम्ही दरवर्षी जातो.